खुर्ची राखीव, पण मजुरीचे काय?

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील कचेरीत निघते तेव्हा सभागृह गच्च भरलेले असते. अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने आणि फिरत्या पद्धतीने ठरतात. त्यांतल्या महिलांच्या जागा चिठ्ठीने ठरतात आणि चिठ्ठी काढायला एखादे शाळकरी पोर उभे करतात. २०२५ ते २०३० या काळासाठीची सोडत २०२५ साली बुलडाणा जिल्ह्यातही झाली. "अनुसूचित जाती, महिला" असे शब्द भोंग्यावरून ऐकू आले की मागच्या रांगेत बसलेल्या आपल्या माणसांचे चेहरे उजळतात. पुढच्या रांगेत मात्र लगेच कुजबुज सुरू होते. त्या कुजबुजीचा विषय एकच असतो : त्यांच्यातली कोणती बाई आपल्या कामाची?

ही कुजबुज आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. पूर्वी आम्हाला तिचा राग येत असे. आता आम्हाला तिच्यामागचा हिशेब कळतो. ज्याच्या घरी दोन वेळची चूल मजुरीवर पेटते त्याला पाच वर्षे गावाचा कारभार करायला लावायचा, त्याच्या बुडालेल्या मजुरीची सोय मात्र कोणी करायची नाही. मग त्याला कोणाच्या तरी दारात जावेच लागणार, हे पुढच्या रांगेला पक्के ठाऊक असते. संविधानाने खुर्ची राखीव केली. खुर्चीवर बसायला लागणारा वेळ कोणी राखीव केला नाही.

राजकारणी माणसाला पगार किती असावा, यावर आपल्याकडे चर्चा होते ती आमदार-खासदारांपुरती. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने चर्चा न करताच आपल्या सदस्यांचे वेतन-भत्ते महिना सुमारे पाऊण लाखावरून दीड लाखाच्या पुढे नेले आणि माजी आमदारांचे निवृत्तिवेतन चाळीस हजारांवरून पन्नास हजार केले. मार्च २०२५ मध्ये खासदारांचे वेतन एक लाखावरून एक लाख चोवीस हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील थकबाकीसह. अशी बातमी आली की शहरातला सुशिक्षित वर्ग चिडतो. "राजकारण ही सेवा आहे, सेवेला पगार कशाला?" असे म्हणतो. आपल्यातलेही अनेक जण टपरीवर चहा पिता पिता त्याच सुरात सूर मिसळतात.

आमचे म्हणणे असे की, हा सूर आपला नाही. बिनपगारी सेवेचे तत्त्वज्ञान ज्याच्या घरी धान्याच्या कणग्या भरलेल्या आहेत त्याचे आहे. ज्याची शेती गडी करतो, दुकान मुलगा पाहतो आणि दूध संघाचे पैसे खात्यात जमा होतात, त्याला सेवा परवडते. रोजंदारीवरच्या माणसाला सेवा परवडत नाही. म्हणून पदाला पगार नसणे म्हणजे गरिबाला त्या पदावर येण्याची बंदी असणे होय. कायद्याच्या पुस्तकात ही बंदी कोठे सापडणार नाही, पण गावोगाव ती पाळली जाते.

हा प्रश्न बाबासाहेबांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १९३१ च्या कराची ठरावानुसार मोठ्या पदाला महिना पाचशेपेक्षा जास्त पगार नको, असे काँग्रेसने ठरविलेले होते. त्याप्रमाणे मंत्र्यांना पाचशे रुपये पगार देण्याचे विधेयक त्या वर्षी ऑगस्टमध्ये विधानसभेत आले. देशभर त्या त्यागाचे कौतुक चालले होते. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकावर होते. मजुरांचा पुढारी आणखी कमी पगार मागेल असे कोणालाही वाटले असते. बाबासाहेबांनी मात्र त्यागाची भाषा बाजूला ठेवून हा प्रश्न चार कसोट्यांवर घासून पाहिला. पहिली कसोटी समाजातल्या राहणीमानाची, दुसरी कार्यक्षमतेची, तिसरी लोकशाहीची आणि चौथी कारभाराच्या शुद्धतेची. पगार ठरविताना या चारही गोष्टी पाहाव्या लागतात, एकटा त्याग पाहून चालत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

त्याच बाबासाहेबांनी त्याआधी नऊ वर्षे, १९२८ साली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले होते, हे विसरून चालणार नाही. वतन म्हणजे काय होते? सरकारचे आणि गावाचे काम चोवीस तास करायचे. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी ते करायचे. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुत्याच्या चार पेंढ्या, त्याही देणाऱ्याच्या मर्जीवर. आपला जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, मुंबई इलाख्यात नव्हता, पण गावगाड्याची रीत काही फार वेगळी नव्हती. काम सरकारचे असेल तर मजुरी सरकारने रोख द्यावी, गावाच्या मेहेरबानीवर सोडू नये, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. वतन गेले. ज्या राज्यकर्त्यांनी ते कागदावरून काढले त्यांनी 'मानधन' नावाचा नवा शब्द आणला. आमदाराला मिळते ते वेतन, ग्रामसेवकाला मिळते ते वेतन आणि सरपंचाला मिळते ते मानधन. मान तुमचा, धन त्यांच्या सोयीने!

इंग्लंडातल्या मजुरांनी हा डाव आपल्याआधी ओळखला होता. १८३८ साली तिथल्या कामगारांनी जी सनद काढली, तिच्या सहा मागण्यांत पार्लमेंटच्या सभासदांना पगार द्या, अशी एक स्पष्ट मागणी होती. पगार नसेल तर मताचा अधिकार मिळूनही सभागृहात जमीनदार आणि गिरणीमालकच बसणार, हे त्यांना कळत होते. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडले. वर्षाला ४०० पौंड ठरले. मधल्या काळात खाणकामगार आणि गिरणी कामगार आपापल्या संघटनेच्या वर्गणीवर आपली माणसे पार्लमेंटात पोसत होते. १९०९ साली न्यायालयाने तीही वाट बंद केली, तेव्हा कुठे सरकारी पगाराचा प्रश्न तातडीचा झाला. १९२२ साली मजूर पक्ष तिथला प्रमुख विरोधी पक्ष झाला आणि १९२४ साली त्याने पहिले सरकार बनविले. बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिकत होते. मजुराचे पोर सभागृहात कसे पोहोचते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

म्हणूनच भारताच्या संविधानात खासदारांच्या वेतनासाठी अनुच्छेद १०६ आहे, आमदारांच्या वेतनासाठी अनुच्छेद १९५ आहे आणि मंत्र्यांचीही तरतूद आहे. प्रतिनिधी राजवाड्यातून येवो की झोपडीतून, त्याच्या पोटाची सोय कायद्याने केलेली असेल. आता पंचायत राजचा भाग काढून पाहा. हा भाग ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली संविधानात आला. त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी सरपंचपदेही राखीव केली, पाच वर्षांची मुदत दिली, वित्त आयोग दिला. पंच-सरपंचांच्या वेतनावर मात्र एक अनुच्छेद नाही. तो विषय राज्यांवर सोडून दिला. ज्या पायरीवर आपली माणसे सर्वांत जास्त संख्येने निवडून येतात, नेमकी तीच पायरी मोकळी ठेवली. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके, असे बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत का म्हणाले होते, ते येथे आठवते.

राज्याने काय केले ते आकड्यांत पाहू. दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावच्या सरपंचाला २०१९ पर्यंत महिना एक हजार रुपये मानधन होते. त्या वेळच्या रोजगार हमीच्या दराने ती पाच दिवसांची मजुरीही होत नव्हती. २०१९ साली ते तीन हजार झाले. दोन ते आठ हजार वस्तीला चार हजार आणि आठ हजारांवर पाच हजार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सरपंचांनी कामबंद आंदोलन केले, विधानसभा निवडणूक तोंडावर होती, तेव्हा सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने हे आकडे दुप्पट केले. आता लहान गावाला सहा हजार, मधल्याला आठ आणि मोठ्याला दहा. खासदारांचे वेतन मात्र दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढावे, असा कायदा २०१८ सालीच होऊन बसला आहे. खासदाराला मागावे लागत नाही. सरपंचाला ग्रामपंचायतीला कुलूप ठोकल्याशिवाय मिळत नाही.

सहा हजार काही कमी नाहीत, असे कोणी म्हणेल. मग हिशेबच मांडू. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातले दीड हजार वस्तीचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेला सुटले आहे. निवडून आलेली बाई नवऱ्याबरोबर सोयाबीनच्या सोंगणीला आणि कपाशीच्या वेचणीला जाते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता; त्या दराने सहा हजार म्हणजे एकोणीस दिवसांची मजुरी. आता तिचे महिन्याचे काम मोजा. मासिक सभा एक दिवस. पंचायत समितीच्या बैठकी आणि गटविकास अधिकाऱ्याच्या दालनाबाहेरची वाट पाहणी दोन-तीन दिवस. घरकुलाच्या याद्या, नळयोजनेचे काम, अंगणवाडी, शाळा, रेशन यांत चार-पाच दिवस. निराधारांचे अर्ज, भांडणे, मयती हे तर रोजचेच. जिल्हा परिषदेत काम निघाले तर घाटाखालच्या माणसाला राजूर घाट चढून बुलडाण्याला यायचे आहे. २०२३ पासून बाईला एसटीचे तिकीट अर्धे झाले, पण दिवस पूर्ण जातो. निवडून आल्यावर जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत सादर केले नाही तर पदच जाते. त्या फेऱ्या वेगळ्या. गावात कोणी साहेब आला की चहापाणी सरपंचाचे. लग्नाचा आहेर, सप्त्याची पावती, खेळाच्या सामन्याचे बक्षीस, सगळे सरपंचाकडे. एकोणीस दिवसांची मजुरी महिना संपण्याआधी संपते.

शिवाय हे सहा हजार सहा हजार म्हणून हातात पडतील याची खात्री नाही. मानधनातला पाऊण हिस्सा शासन देते आणि उरलेला चौथा हिस्सा ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचा, अशी २०१९ ची व्यवस्था आहे. ज्या गावात घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीच होत नाही त्या गावच्या सरपंचाने चौथा हिस्सा कोठून घ्यायचा? वसुलीला गेले की मोठ्या वाड्यातला माणूस म्हणतो, "कालपर्यंत आमच्या वावरात होतीस, आज पट्टी मागायला आलीस?" शासनाचा हिस्साही महिनोन्महिने रखडतो, ही सरपंचांची जुनी ओरड आहे. रोज कमवून रोज खाणाऱ्या घराला सहा महिन्यांनी एकदम मिळणारे पैसे म्हणजे सावकाराचे देणे फेडण्यापुरते पैसे.

अशा बाईसमोर तीन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे कोणा वाड्याची सावली धरणे. तिचा निवडणुकीचा खर्च वाड्याने केला, घरातल्या अडीअडचणीला उचल वाड्याने दिली, म्हणून ग्रामपंचायतीचे शिक्के, चेकबुक आणि आता ऑनलाइन व्यवहाराचे डोंगल वाड्यात राहते. बाई सही करते आणि पुन्हा वेचणीला जाते. दुसरी वाट ठेकेदाराची. "सरपंच बाई, तुम्ही काळजी करू नका, रस्त्याच्या कामात तुमचा वाटा घरपोच होईल." तिसरी वाट प्रामाणिकपणाची. या वाटेने जाणारी बाई पाच वर्षांत कर्जबाजारी होते आणि पुढच्या वेळी पोरांना सांगते, काहीही करा, पण सरपंच होऊ नका. तिसऱ्या वाटेने जाणाऱ्या माणसांना आम्ही जयभीम करतो. पण चळवळ जर दर पाच वर्षांनी आपल्या सर्वांत प्रामाणिक माणसांना कंगाल करून घरी बसवीत असेल, तर तो विजय कोणाचा?

"मानधन वाढवून काय होणार, खाणारा खाणारच," असा एक आक्षेप असतो. पदातून किती मिळते हे ठाऊक असलेल्यांचा भाव काय आहे, तेही पाहू. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, मंदिरासाठी म्हणून! ज्या पदाचे मानधन तेव्हा तीन ते पाच हजार होते त्याला कोटींची बोली लागते, याचा अर्थ बोली लावणारा मानधनाकडे पाहत नसतो. त्याला मानधन शून्य केले तरी चालेल. मानधनाची गरज आहे ती लिलावात उभे राहण्याची ऐपत नसलेल्या माणसाला. बाबासाहेबांची तिसरी आणि चौथी कसोटी येथे एकत्र येते : पगार नसेल तर लोकशाहीही जाते आणि शुद्धताही जाते.

पगार वाढविल्याने माणसे खरोखर बदलतात का, हे जगात काही ठिकाणी मोजून पाहिलेले आहे. ब्राझीलमध्ये २००० साली नगरसेवकांच्या पगाराची मर्यादा गावाच्या लोकसंख्येवर बांधली गेली. आपल्याकडे जशी दोन हजार आणि आठ हजारांची रेघ आहे तशाच तिथेही रेघा आहेत. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची गावे सारखीच, पगार तेवढा वेगळा. फेराझ आणि फिनान या दोन अर्थतज्ज्ञांनी अशा गावांची तुलना केली. जिथे पगार जास्त तिथे उमेदवार जास्त उभे राहतात, जास्त शिकलेले उभे राहतात आणि निवडून आल्यावर काम जास्त करतात, असे त्यांना आढळले. इटलीत पाच हजार लोकवस्तीच्या रेघेवर महापौराचा पगार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तिथेही अधिक शिकलेले लोक पुढे आले आणि कारभार काटकसरीचा झाला.

परंतु याच जगातला दुसरा निष्कर्ष आपण लपवून ठेवू नये. अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत पगाराचे प्रमाण फार वेगवेगळे आहे. जिथे पगार चांगला तिथे कामगार वर्गातले आमदार जास्त असतील असे वाटते. कार्न्स आणि हॅन्सन या अभ्यासकांनी २०१६ साली दाखविले की तसे घडत नाही. पगार वाढला की ती जागा वकील-डॉक्टरांनाही हवीशी होते आणि मजूर पुन्हा दाराबाहेर राहतो. म्हणजे पगार ही दाराची कडी आहे. कडी उघडली म्हणून सगळेच आत जात नाहीत. ज्याच्याजवळ दारापर्यंत येण्याचे भाडे आहे तोच जातो.

याचा दाखला शोधायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. आपला बुलडाणा लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. या काळात नऊ निवडणुका झाल्या. १९७७ साली रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. त्यानंतर एकदाही निळ्या झेंड्याचा माणूस बुलडाण्यातून दिल्लीला गेला नाही. काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक आणि त्यांचे पुत्र मुकुल वासनिक मिळून चार वेळा, शिवसेनेचे आनंदराव अडसूळ तीन वेळा, भाजपचे सुखदेव नंदाजी काळे एकदा. जागा आपली, खासदार त्यांच्या पक्षांचे. या सर्वांना पगार सारख्याच नियमाने मिळाला. पगार नव्हता म्हणून आपला माणूस हरला असे कोणी म्हणू शकणार नाही. आपण फुटलो म्हणून हरलो, हे खरे आहे. पण आणखीही एक खरे आहे. पगार निवडून आल्यानंतर मिळतो, खर्च त्याआधी करावा लागतो.

लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून पंच्याण्णव लाखांपर्यंत खर्च करण्याची कायदेशीर मुभा आहे. खासदाराचे मूळ वेतन महिना एक लाख चोवीस हजार धरले तर पाच वर्षांचे चौऱ्याहत्तर लाख चाळीस हजार होतात. म्हणजे पाच वर्षांचा एकूण एक पगार बाजूला ठेवला तरी कायद्याने मान्य केलेला खर्चसुद्धा निघत नाही. कायद्याबाहेरच्या खर्चाचे तर बोलायलाच नको. हे पैसे ज्याने दिले त्याचा माणूस सभागृहात बसतो. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने आपल्या जागा वाढल्या, पण आपला प्रतिनिधी निवडण्याची किल्ली दुसऱ्यांच्या हाती गेली. कांशीरामजींनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिले ते त्याच दुखण्यावर. मतांची किल्ली त्यांच्याकडे होतीच, आता पैशाचीही किल्ली त्यांच्याकडेच आहे.

मेहकर विधानसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे. २०२४ साली तिथून निवडून आलेले सिद्धार्थ खरात मंत्रालयातल्या सहसचिवपदाची नोकरी सोडून राजकारणात आले. शिकलेला, कारभार जाणणारा माणूस सभागृहात गेला तर आम्हाला आनंदच आहे, आणि हा त्यांच्यावरचा आक्षेपही नाही. आम्ही एवढेच विचारतो की, मेहकर-लोणारच्या एखाद्या भूमिहीन शेतमजुराला, एखाद्या आशा ताईला तीच उडी मारायची असेल तर तिच्या पाठीशी काय असते? सरकारी नोकरीत असताना राजकारण करायला सेवाशर्तींची मनाई आणि नोकरी नसताना राजकारण करायला पोटाची मनाई. मधल्या मध्ये आपली एक अख्खी तरुण पिढी दुसऱ्यांच्या पक्षांची पत्रके वाटण्यात गेली.

यावर उपाय चळवळीला नवा नाही. कांशीरामजींनी १९७८ साली बामसेफ उभी केली तेव्हा त्यांचा हिशेब साधा होता. बाबासाहेबांमुळे नोकरीला लागलेल्या माणसाला निवडणूक लढविता येत नाही. पण त्याचा पैसा, त्याची बुद्धी आणि त्याचा वेळ समाजाला देता येतो. त्यावर पूर्णवेळ कार्यकर्ते उभे राहिले. इंग्लंडातल्या खाणकामगारांनी जे केले तेच आपण केले होते. मग ते मागे का पडले? आम्ही आज दुसऱ्यांवर पुष्कळ टीका केली, थोडी स्वतःवरही करू. १४ एप्रिलला आपल्या एकेका गावात डीजेवर किती पैसे जातात, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते आठवावे. जयंती झालीच पाहिजे, थाटात झाली पाहिजे. पण त्याच गावात आपली सरपंच बाई वाड्याच्या उचलीवर जगत असेल, तर आपण बाबासाहेबांच्या फोटोपुढे कोणत्या तोंडाने उभे राहतो?

तेव्हा आमच्या मागण्या दोन तोंडी आहेत, एक शासनाकडे आणि एक स्वतःकडे. शासनाने 'मानधन' हा शब्द काढून सरपंचाला वेतन द्यावे. ते पूर्ण शासनाच्या तिजोरीतून, ठरलेल्या तारखेला, थेट खात्यात जमा व्हावे. गावच्या वसुलीशी त्याचा संबंध तोडावा, कारण गरीब गावच्या सरपंचाला गरिबीचा दंड का? ते किमान वेतनाशी बांधावे आणि महागाईप्रमाणे खासदारांसारखेच आपोआप वाढावे. साध्या पंचालाही सभेच्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी, म्हणजे मजूर सदस्य सभेला येईल आणि कोऱ्या कागदावरच्या सह्या थांबतील. बुलडाणा जिल्ह्यात साडेआठशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दीडशेच्या घरात सरपंचपदे आपल्या वाट्याला येतात. दीडशे गावांचा कारभार मोकळ्या मनाने चालला तर जिल्ह्याचे राजकारण आहे तसे राहणार नाही. हे त्यांना कळते, म्हणून हा प्रश्न कोणी काढत नाही.

दुसरी मागणी आपल्याकडे. जिल्ह्यात आपले शिक्षक आहेत, तलाठी आहेत, बँकेत आणि एसटीत लोक आहेत, निवृत्त झालेले आहेत. तालुक्यागणिक एक निधी उभा करा. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या आपल्या उमेदवाराचा खर्च त्यातून करा आणि निवडून आल्यावर मानधन रखडेल तेव्हा उसनवारी त्यातून द्या, म्हणजे तिला वाड्याच्या दारात जावे लागणार नाही. त्या निधीचा हिशेब विहाराच्या फळ्यावर दर महिन्याला लिहा. बदल्यात सरपंचानेही दर पौर्णिमेला विहारात येऊन गावच्या कामाचा जमाखर्च सांगावा. फुकट राबणाऱ्याला जाब विचारता येत नाही. तो म्हणतो, मी तर पदरमोड करतो आहे. ज्याला आपण मजुरी देतो त्याच्याकडून आपण काम मागू शकतो. निवडून आल्यावर विकला गेला म्हणून आपण आपल्या माणसाला शिव्या देतो. त्याला विकत घेणाऱ्याने जेवढे दिले तेवढे आपण कधी देऊ केले होते का, हेही एकदा विचारले पाहिजे.

पुढची सोडत जेव्हा निघेल तेव्हा पुढच्या रांगेत पुन्हा कुजबुज सुरू होईल : त्यांच्यातली कोणती बाई आपल्या कामाची? त्या वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी उभे राहून मोठ्याने सांगितले पाहिजे, "आमची बाई आमच्या कामाची आहे, आणि तिची मजुरी आम्ही भरली आहे." हे म्हणायची तयारी सोडतीच्या दिवशी होत नसते. ती आजपासून करावी लागेल. जयभीम!